वडिलांची मोटार : जशीच्या तशी, की नव्या घडणीची?

आजीचा चपलाहार मोडून नव्या घडणीचा करावा, की तसाच पेटीत ठेवावा, हा वाद आपल्या घरांना नवा नाही. मोडू पाहणारी सून म्हणते, पेटीत पडून राहणाऱ्या दागिन्याचा उपयोग काय. घातला तर आजीची आठवण तरी राहील. ठेवू पाहणारी नणंद म्हणते, मुशीत गेल्यावर सोने उरेल, पण आजीचा हार उरणार नाही. दोघींचेही खरे असते आणि म्हणूनच हा वाद पंगतीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत चालतो. नेमका हाच वाद अमेरिकेत घराघरांतून चालू आहे, मात्र तिकडे तो दागिन्यावरून नसून वडिलांच्या मोटारीवरून आहे. साठ-सत्तरच्या दशकांत ऐन तारुण्यात असलेली तिकडची पिढी आता मावळत चालली आहे, आणि तिने हौसेने घेतलेल्या, जिवापाड जपलेल्या मोटारी मुला-नातवंडांच्या हाती येत आहेत. आपल्याकडेही कित्येक वाड्यांच्या पडव्यांत आजोबांची फियाट किंवा ॲम्बॅसेडर ताडपत्रीखाली उभी आहे. तेव्हा हा विषय वाचकांस अगदीच परका वाटू नये.

ज्या मोटारींवरून तिकडे हा वाद विशेष रंगतो, त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. आपण त्यांना पैलवान मोटारी म्हणू. मध्यम आकाराच्या, सर्वसामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत मोठ्या मोटारीचे दांडगे इंजिन बसवायचे, एवढीच मूळ कल्पना. पॉन्टिॲक कंपनीने १९६४ सालच्या आपल्या ‘जीटीओ’ या मोटारीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन दिले. त्याची जाहीर शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. आपल्या ओळखीच्या फियाटच्या इंजिनाचे आकारमान अवघे १०८९ घन सेंटिमीटर आणि शक्ती चाळीसच्या आसपास, हे लक्षात घेतले म्हणजे फरक ध्यानी येईल. पुढील सात-आठ वर्षे फोर्ड, शेव्हरोले, डॉज, प्लिमथ या साऱ्यांनी एकमेकांवर कडी केली. मग विम्याचे हप्ते भडकले, धुराविषयीचे नियम कडक झाले, १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखून धरले आणि हा आखाडा मोडला. इतक्या थोड्या वर्षांचा हा खेळ असल्यामुळेच त्यातील मोटारींभोवती आठवणींचे वलय एवढे दाट आहे.

पण आठवणीवर मोटार चालत नाही. या मोटारी धावण्यात पैलवान असल्या, तरी थांबण्यात फार अशक्त होत्या. बहुतेकांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक. उतारावर दोन-तीनदा जोराने दाबले की ते तापून निकामी होऊ लागत. १९६७ पूर्वीच्या बहुतेक मोटारींत ब्रेकच्या तेलाचा मार्ग चारही चाकांना मिळून एकच असे. नळी एका ठिकाणी फुटली की पायाखालचा पेडल तळाला जाई. सुरुवातीच्या मोटारींत पट्टा असलाच तर कमरेपुरता. शिवाय त्या काळचे पेट्रोल शिसेयुक्त होते. शिसे गेल्यावर जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या आणि त्या जागी कठीण धातूच्या बैठका बसवणे अनेकांना भाग पडले. तेव्हा ‘वडिलांच्या गाडीला हात लावणार नाही’ असे म्हणणाऱ्या मुलानेही आपली बायको-मुले त्या गाडीत बसवण्यापूर्वी चार वेळा विचार केलेला बरा.

बदल करणाऱ्यांची बाजू येथून सुरू होते आणि ती हौसेपलीकडची आहे. जुन्या कवचात नवे इंजिन, पेट्रोलचे नेमके फवारे देणारी यंत्रणा, नवा गिअरबॉक्स, डिस्क ब्रेक, वातानुकूलन असे सारे बसवलेली मोटार बाहेरून १९६९ ची दिसते आणि आतून आजच्यासारखी चालते. या प्रकाराला तिकडे ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. अशी मोटार रोज कामावर नेता येते, लांबच्या प्रवासाला काढता येते. वडिलांबरोबर ज्या रस्त्याने आपण लहानपणी गेलो, त्या रस्त्याने आपल्या मुलाला नेता येते. ‘गॅरेजमध्ये उभी करून पूजा करण्यापेक्षा हे बरे नव्हे काय?’ असे ही मंडळी विचारतात, आणि आम्हांस तो प्रश्न रास्त वाटतो.

जतनवाद्यांचे म्हणणे मात्र एका साध्या गोष्टीवर उभे आहे. मोटार पुन्हा पुन्हा नवी करता येते. मूळची ती एकदाच असते. येथे ‘मूळची’ म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. अमेरिकन मोटारीच्या प्रत्येक नगास कारखान्याचा क्रमांक असतो. तोच क्रमांक किंवा त्याचा काही भाग पुष्कळदा इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेला असतो. हे सारे जुळले तर तीच मोटार, तेच यंत्र, असा निर्वाळा मिळतो आणि किंमत कित्येक पटींनी वाढते. याखेरीज जुळणीच्या वेळी कामगारांसाठी छापलेला एक कागद असे. या मोटारीला कोणते इंजिन, कोणता रंग, कोणते आसन हे त्यावर लिहिलेले असे. काम संपल्यावर तो फेकून न देता कोणी आसनाच्या स्प्रिंगांत खोचून ठेवी, तर कोठे तो पेट्रोलच्या टाकीवर अडकून राही. पन्नास वर्षांनी आसन उसवताना उंदरांनी कुरतडलेला तो कागद सापडला, की त्याचे मोल आसनाहून कितीतरी अधिक ठरते. नवे रेक्झीन चढवण्याच्या घाईत कारागिराने तो कचऱ्यात टाकला, म्हणजे मोटारीची जन्मपत्रिकाच गेली. पुढच्या पत्र्याच्या आतल्या अंगावर तपासनिसांनी खडूने केलेल्या खुणा, रंगाचे ओघळ, दारांच्या फटींतील कमी-अधिक अंतर हीदेखील साक्षच. कारखान्यातून मोटारी आज नूतनीकरण करणारे काढतात तशा आरशासारख्या कधीच निघत नव्हत्या. जुन्या काळ्या दगडी देवळाला जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेला पाहून आपल्याला जे वाटते, तेच या जाणकारांना अतिचकाकीत मोटार पाहून वाटते.

आता एका खऱ्या मोटारीची हकिगत सांगतो. कारण या वादातील सगळे पेच तिच्यात एकत्र आले आहेत.

१९६८ साली ‘बुलिट’ नावाचा चित्रपट आला. स्टीव्ह मॅक्क्वीन या नटाने त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस अधिकाऱ्याचे काम केले होते. त्या शहराच्या चढउतारांच्या रस्त्यांवरचा सुमारे अकरा मिनिटांचा मोटारींचा पाठलाग आजही नावाजला जातो. मॅक्क्वीनच्या पात्राची मोटार म्हणजे गडद हिरव्या रंगाची फोर्ड मस्टँग जीटी. चित्रीकरणासाठी लागोपाठच्या क्रमांकांच्या दोन मस्टँग घेतल्या होत्या. एक जवळून दिसणाऱ्या दृश्यांसाठी, दुसरी उड्या मारण्यासाठी.

पहिली मोटार चित्रपटानंतर दोन-तीन हातांतून फिरली आणि १९७४ साली न्यू जर्सीतील रॉबर्ट कर्नन यांनी ती मासिकातील जाहिरात वाचून सहा हजार डॉलरांना विकत घेतली. सिनेमातली मोटार म्हणून तिला काचेत ठेवणे त्यांच्या मनातही आले नाही. घरात दुसऱ्या कामाला मोटार हवी होती, ती आली. कर्ननबाई शिक्षिका होत्या. त्या याच मोटारीने शाळेत जात. १९७७ साली खुद्द मॅक्क्वीनने पत्र लिहून मोटार परत मागितली आणि बदली दुसरी मस्टँग शोधून देण्याची तयारीही दाखवली. कर्ननांनी दाद दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला आणि मोटार उभी राहिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मॅक्क्वीनही गेला. मोटार पुढे घराबरोबर गावे बदलत राहिली. बाहेर कोणास पत्ता नाही; शोध घेणारे शोधत राहिले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी बापलेकांनी मिळून ती दुरुस्त करावयाचे मनावर घेतले, काही भाग सोडवलेही. पण वडिलांना कंपवाताने गाठले आणि काम राहिले. २०१४ साली ते निवर्तले. मुलगा शॉन याच्यापुढे तेव्हा तोच प्रश्न उभा राहिला, ज्याने आम्ही या लेखाची सुरुवात केली. रंग काढून नवा द्यावा, पत्रा सरळ करावा, सिनेमात दिसत होती तशी टवटवीत करावी, असे कोणालाही वाटले असते. त्याने यंत्र चालते केले आणि अंगाला हात लावला नाही. गंजलेल्या कडा, पोचे, उडालेले टवके, विटलेली आसने सारे तसेच राहिले. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद झाली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिला ३४ लाख डॉलरांची बोली लागली. लिलावदाराचे शुल्क धरून ३७ लाख ४० हजार. कोणत्याही मस्टँगला तोवर इतकी किंमत आलेली नव्हती.

‘पाहा, जशीच्या तशी ठेवण्याचे फळ!’ असे जतनवादी यावर म्हणतात. पण वाचकहो, जरा थांबा. ही मोटार फोर्डच्या कारखान्यातून जशी निघाली तशी होती काय? मुळीच नव्हती. चित्रपटवाल्यांनी तिच्या चाकांवरील आधार बदलून कणखर केले होते, पुढच्या जाळीवरील चिन्हे काढली होती, चाके वेगळी बसवली होती, कॅमेरा बांधण्यासाठी खालच्या बाजूस लोखंड जोडले होते. कारखान्याच्या दृष्टीने ती बिघडवलेली मोटार होती. उद्या एखाद्या काटेकोर कारागिराने ‘मूळ रूपात आणतो’ म्हणून ते जोडलेले लोखंड कापून टाकले असते आणि बाजारातून नवी चिन्हे आणून लावली असती, तर एक नीटनेटकी जुनी मस्टँग तयार झाली असती. अशा पुष्कळ आहेत. मस्टँगचा पहिल्या वर्षाचाच खप चार लाखांहून अधिक होता.

दुसरीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. उड्यांच्या दृश्यांत मोडल्यामुळे ती भंगारात गेली असेच सर्व समजून होते. २०१७ साली ती मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियात उजेडात आली; इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, अंगावर पांढरा रंग. ज्याने ती विकत घेतली होती, त्याचा बेत निराळाच होता. ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ या २००० सालच्या चित्रपटातील ‘एलिनॉर’ नावाच्या मस्टँगची नक्कल करण्यासाठी तो सांगाडा गॅरेजमध्ये आला होता. काम पुढे जाण्याआधी कोणी क्रमांक तपासला, म्हणून कळले. एका चित्रपटाची खरी मोटार कापून दुसऱ्या चित्रपटाची खोटी मोटार तयार होणार होती. मेहनत तीच, खर्चही तोच, आणि पाहणाऱ्यांनी वाहवाही केली असती.

या दोन मोटारींवरून आमचे मत बनले आहे ते असे. वारशाने आलेल्या मोटारीचे ‘मूळ रूप’ कारखान्यात ठरत नाही. ज्याने ती वापरली, त्याच्या हातून तिला जे रूप आले, ते वारसाच्या दृष्टीने मूळ. अमेरिकेत यासाठी ‘डे टू’ असा एक शब्द आहे. मोटार घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी मालक हौसेने जे बदल करी, रुंद चाके, वेगळा कार्ब्युरेटर, फेऱ्यांचे मोजमाप दाखवणारी तबकडी, ते या नावाने ओळखले जातात. काही वर्षांपूर्वीपर्यंत असे बदल ‘दुरुस्त’ करून टाकीत. हल्ली तेच जपणारे निघाले आहेत. वडिलांनी एकोणिसाव्या वर्षी पहिल्या पगारातून घेतलेली चाके काढून कारखान्याची चाके बसवणारा मुलगा कागदोपत्री मोटार मूळ करतो आणि वडिलांना तिच्यातून काढून टाकतो.

ही गोष्ट आपल्याकडील राजेरजवाड्यांना चांगली ठाऊक होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी तिसाच्या दशकात अमेरिकेची ड्यूझेनबर्ग मोटार घेतली, ती गर्नी नटिंग या इंग्लिश कारागिरांकडून आपल्या पसंतीची बॉडी बांधवून. त्या काळी उंची मोटारीची हीच रीत होती. कारखाना चासी आणि यंत्र देई, वरचा साज मालकाच्या मर्जीने चढे. त्या मोटारीचे मूळ रूप म्हणजे होळकरांची आवड, दुसरे काय?

मग वारसाने स्वतः काहीच करू नये काय? करावे. आम्ही एकच कसोटी सुचवू : केलेले काम उद्या उलटवता येईल काय? डिस्क ब्रेक जुन्याच भोकांत बोल्टने बसत असतील, तर जरूर बसवावेत. पट्टे, दोन मार्गांचा ब्रेक सिलिंडर, बरे टायर यांनी कोणाचा इतिहास बुडत नाही. इंजिनही चासी न कापता बदलता येत असेल, तर जुने कोपऱ्यात जपून ठेवून नवे घालता येईल. पण जेथे करवत, वेल्डिंग किंवा रंग खरवडणारे यंत्र लागते, तेथे हात आखडावा. खरवडलेला जुना रंग जगातील कोणताही रंगारी परत आणू शकत नाही. विजेवर चालणारी यंत्रणा बसवण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिलाही हीच कसोटी लावावी. ॲस्टन मार्टिन या ब्रिटिश कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जुन्या डीबी६ मोटारीसाठी अशी विद्युत् पेटी दाखवली, की ती मूळ इंजिनाच्याच आधारांवर बसते आणि हवी तेव्हा काढता येते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मात्र २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले, की विजेवर नेलेले वाहन ऐतिहासिक म्हणता येणार नाही. बदल करायचाच तर तो उलटवता येण्यासारखा असावा आणि काढलेले भाग खुणा करून जपावेत. पैलवान मोटारीचे विजेवर काय होईल, याचे आम्हांस थोडे कुतूहल आहे. गडगडाटाशिवाय ती कशी ओळखू येणार, हा प्रश्न आहेच.

आणि हेही मोकळेपणाने म्हणावेसे वाटते, की प्रत्येक जुनी मोटार इतिहास नसते. सहा सिलिंडरची, लाखोंनी खपलेली, पाच मालकांनी तीनदा रंगवलेली, मूळ इंजिन केव्हाच गेलेली मोटार हाती आली, तर ती हवी तशी सजवावी. कोणाचे काही जात नाही. काही जतनवाद्यांचा अशा मोटारींविषयीचा सोवळेपणा आम्हांस पटत नाही. याउलट १९७१ सालची, ४२६ घन इंचांच्या ‘हेमी’ इंजिनाची, उघड्या छपराची प्लिमथ बॅराकुडा केवळ अकरा नग बनली. त्यांतील एक २०१४ मध्ये सिॲटलला ३५ लाख डॉलरांच्या बोलीला गेली. तिला करवत लावणारा धनी असेल तर तो पैशाचाही शत्रू म्हटला पाहिजे.

आपल्या देशात हा निर्णय सर्वस्वी घरच्यांच्या हाती नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. उलट जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना एक वेगळा मान दिला आहे. ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका, पहिल्या नोंदणीस वीस हजार रुपये आणि पुनर्नोंदणीस पाच हजार. अट अशी, की मोटार मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अशी मोटार रोजच्या वापरास किंवा धंद्यास चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांनीच रस्त्यावर येते. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यास लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. तो पाहिलेल्यांना पडवीतल्या आपल्या फियाटकडे निराळ्या नजरेने पाहावेसे वाटले असेल, तर नवल नाही.

तेव्हा ताडपत्री काढण्याचा विचार असेल, तर आधी मिस्त्रीला बोलावू नये. आधी घरातील मोठ्या माणसांना बोलावावे. पुढच्या मडगार्डावरचा पोचा कोणत्या प्रवासातला, आरशाला टांगलेला गणपती कोणी आणला, डिकीतील लोखंडी पेटी कोणाची, हे आईला किंवा काकांना ठाऊक असते आणि त्यांच्यानंतर कोणालाच ठाऊक नसते. भावंडांची संमतीही तेव्हाच घ्यावी. रंग उतरल्यावर घेतलेल्या संमतीस अर्थ नाही. मग प्रत्येक बाजूची, बॉनेटखालची, आसनांखालची छायाचित्रे काढावीत. नोंदणीपुस्तक, जुन्या विम्याच्या पावत्या, गॅरेजची बिले एका जाड पाकिटात घालावीत. आणि काही भाग बदललेच, तर जुना कार्ब्युरेटर, जुना भोंगा, जुने दिवे तेल लावून फडक्यात गुंडाळावेत. कोठून काढले व केव्हा काढले, ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी सुतळीने बांधावी आणि ती पेटी घरातच ठेवावी. भंगारवाला दारावर येईल, ‘साहेब, हे लोखंड देऊन टाका’ म्हणेल. त्याला चहा पाजून परत पाठवावे.